हौदातली ठकी

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला सांगता यायचं नाही. ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते नक्की ठाऊक नव्हतं. तेव्हा समुद्राकाठी एक राज्य होतं, आणि त्या राज्याच्या अगदी कडेला, जिथे रस्ता संपून वाळू सुरू होते, तिथे एक लहानसं गाव होतं.

त्या गावात प्रत्येक घराच्या मागच्या अंगणात समुद्राच्या पाण्याचा एक हौद असे. जांभ्या दगडात कोरलेला, आतून शिंपल्यांच्या चुन्याने गुळगुळीत केलेला, तळाशी लपायला एक कपार राखलेली. समुद्रापासून हौदापर्यंत एक चर खणलेला असे आणि चराच्या तोंडाशी बांबूची जाळी. भरती आली की नवं पाणी आत येई, ओहोटी लागली की जुनं बाहेर जाई.

या हौदात प्रत्येक घर एक प्राणी पाळत असे. त्याला हात आठ, हाड एकही नाही, आणि अंगाला स्वतःचा असा रंगच नाही. दगडावर बसला की दगड, शेवाळावर बसला की शेवाळ. आपण आज त्याला ऑक्टोपस म्हणतो. त्या गावात त्याला ‘हातवाली’ म्हणत.

नवी सून घरी यायची ती माहेरच्या किनाऱ्यावरची एक लहानशी हातवाली घागरीत घालून. तिचं नाव सुनेनेच ठेवायचं. हा प्राणी फार जगत नाही. पण जाताना तो अंडी ठेवून जातो, पिल्लं चरातून समुद्रात जातात, आणि त्यांतलंच एखादं, किंवा दुसरंच कुठलं, भरतीबरोबर पुन्हा हौदात येतं. घरातली माणसं तिला जुन्याच नावाने हाक मारत. ही तीच की दुसरी, असं कुणी विचारत नसे.

आणि एक रीत होती. सकाळी उठल्यावर घरातल्या कुणीतरी हौदापाशी जाऊन हातवालीला डोळ्यांनी बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, “आहे.” मगच चूल पेटवायची. ती दिसली नाही, तर त्या दिवशी शेजारून विस्तव मागून आणायचा. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत ती कुणालाच दिसली नाही, तर गावातली सगळ्यांत वयस्क बाई येई. तिला सगळे थोरली आई म्हणत. ती चर बुजवायला लावी आणि हौद वाळूने भरून टाकी. रिकामं पाणी घरात साठवू नये, असं ते लोक मानत.

रीत बरी होती की वाईट, याचा मी पुष्कळ विचार केला. माझं काही ठरलं नाही. तुम्हीच ठरवा.

त्या गावात होड्या बांधणारा एक सुतार होता. आता तो म्हातारा झाला होता. एकुलता एक मुलगा गलबतावर दूरदेशी गेलेला. घरात म्हातारा, त्याची बायको आणि सून अशी तिघं. म्हातारीने लग्नात आणलेल्या हातवालीचं नाव होतं ठकी.

रोज सकाळी म्हातारी तांदूळ निवडायला सूप घेऊन हौदाच्या काठावर बसे. थोड्या वेळाने तिचा आवाज येई, “आहे!” म्हातारा तेव्हा पागोटं बांधत मागच्या दारात उभा असे.

“कुठे आहे गं?”

“ही काय, इथेच.”

“इथे म्हणजे कुठे?”

“बसा ना जरा. दिसेल.”

“बसायला वेळ कुणाला आहे? लाकूड उन्हात तापायच्या आत हात लावायला हवा.”

असं म्हणून तो निघून जाई. लाकडातली केसाएवढी चीर त्याला लांबून दिसायची, पण स्वतःच्या हौदातली ठकी त्याने कधी स्वतःहून हुडकली नाही. गरजच पडली नाही. म्हातारी ‘आहे’ म्हणायची, चूल पेटायची, भाकरी मिळायची. वर्षं अशी गेली, की मागे वळून बघितलं तर सगळ्या मिळून एकच सकाळ वाटावी.

मग एका पावसाळ्याच्या शेवटी म्हातारी तापाने आजारी पडली आणि गेली.

दिवसकार्य उरकलं. पाहुणे आपापल्या गावी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सून चुलीपुढे लाकडं रचून बसून राहिली. म्हाताऱ्याला आधी कळेचना, ती कशाची वाट बघते आहे. कळलं तेव्हा तो उठून मागच्या दारात गेला आणि हौदाकडे बघू लागला. पाण्यात आभाळ दिसत होतं. आभाळाखाली काहीतरी काळपट होतं. बाकी काही नाही.

“दिसली का हो मामंजी?” सुनेने आतून विचारलं.

“थांब जरा.”

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “जा, शेजारून विस्तव आण.”

शेजारी तानूबाई राहत असे. बाई मनाची चांगली, पण जिभेला हाड नव्हतं. पहिल्या दिवशी तिने डोळ्यांना पदर लावून निखारे दिले. पुढे पुढे मात्र ती म्हणू लागली, “काय गं, आजही आमचाच विस्तव?”

“आमची ठकी उशिरा उठते,” सून म्हणे.

“झोपू दे, झोपू दे. आमच्या हौदातली बया तर उजाडायच्या आधीच हात नाचवत बसते. मी तिला म्हटलं, त्यातले दोन मला दे, तेवढीच भांडी घासून होतील.”

सून हसत घरी येई आणि निखारे चुलीत टाकताना तिचं हसू मावळे. एक दिवस ती म्हणाली, “मामंजी, एक बोलू? तुम्ही नुसतं ‘आहे’ म्हणा. कोण बघायला येतंय? चूल आपल्या घरातली पेटू दे.”

“तुझ्या सासूने कधी न बघता म्हटलं असेल, असं वाटतं तुला?”

सुनेने मान हलवली. “नाही.”

“मग मी कसं म्हणू?”

तो रोज शोधू लागला. लांब काठीने शेवाळ बाजूला करून बघितलं. पितळी ताटाने उन्हाचा कवडसा पाण्यात सोडून बघितला. ठकीचं लक्ष जावं म्हणून काठावर टिचक्या मारल्या. जितकं शोधावं तितका हौद जास्तच मुका झाला. म्हाताऱ्याला वाटायचं, म्हातारी होती तोवर ही होती. ती गेली आणि हीसुद्धा चरातून निघून गेली असेल. माझ्यासाठी तिने तरी का थांबावं?

तरी त्याने एक युक्ती काढली. विचार करणारा माणूस होता; विचार चुकतात ते असेच. हौदात जुनापुराणा पसारा फार आहे, म्हणून ती लपते, असं त्याने ठरवलं. म्हातारीने वर्षानुवर्षं त्या पाण्यात काय काय सोडून ठेवलं होतं. त्याने लांब आकडी घेतली आणि एकेक वस्तू ओढून बाहेर काढली. मडकी, दगड, खापरं, खेकड्यांच्या रिकाम्या कवचांचा एक ढीगच्या ढीग. सगळं परसातल्या माडाखाली नेऊन टाकलं. पाणी गढूळ झालं होतं ते भरतीने स्वच्छ केलं. मग त्याने नदीतून पांढऱ्या गारगोट्या आणून तळाला पसरल्या. पांढऱ्यावर काळं लपणार कसं?

दुसऱ्या सकाळी हौद चांदीच्या वाटीसारखा झळकत होता. त्यात काहीही नव्हतं.

“मामंजी,” सून हळूच म्हणाली, “आता तर नुसतं पाणीच दिसतंय.”

त्याने खेकडे सोडले. ठकीला खेकडे फार आवडत. पण खेकडे पांढऱ्या तळावर बेधडक फिरत राहिले, कुणी त्यांना धरलं नाही. सकाळी सोडलेला खेकडा संध्याकाळी तसाच.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी थोरली आई आली. पाठीत वाकलेली, हातात काठी, पण नजर अजून सुईत दोरा ओवणारी. तिने हौदात डोकावून बघितलं आणि मग म्हाताऱ्याकडे बघितलं.

“हौद चुकले की काय मी?” ती म्हणाली. “हा तुमचाच ना रे?”

“माझाच. म्हणजे तिचा.”

“तिचा कसला? इथे तर कुणीच राहत नाहीसं दिसतंय. तिचं सामान कुठे गेलं?”

“कुणाचं? ठकीचं?”

“दोघींचं,” थोरली आई म्हणाली.

म्हाताऱ्याने माडाखालच्या ढिगाकडे बघितलं. मग म्हणाला, “ठकी आत असली आणि मला दिसली नाही, तर? तुम्ही वाळू टाकाल आणि ती खाली—”

“म्हणूनच तर विचारायला येते मी. उद्या दुपारच्या भरतीच्या आधी येईन. असली तर ‘आहे’ म्हण. बोट दाखवायचं नाही. ती असेल तिथे खेकडा सोडायचा, तिने धरला की झालं. नसली तर नाही म्हण. पण नीट बघून म्हण रे बाबा. मला या वयात कुणावर वाळू टाकायची हौस नाही.”

ती गेल्यावर म्हातारा कितीतरी वेळ माडाखालच्या ढिगासमोर उभा होता. खारं पाणी वाळून वस्तूंवर पांढरी पुटं चढली होती. त्याने वाकून एक मडकं उचललं. त्याचा एक कान तुटलेला होता.

“हे मडकं,” तो म्हणाला. सून जवळच उभी होती, पण तो तिला सांगत होता असं नाही. “हे तिने माझ्यावर फेकलं होतं. आमचं पहिलं भांडण. मी चुकवलं आणि ते कणगीवर आपटलं. मग आम्ही दोघंही तुटका कान शोधत बसलो.”

“सापडला?”

“दुसऱ्या दिवशी आमटीत.”

सून हसली. तिने मडकं त्याच्या हातून घेतलं, परसातल्या पाण्याने धुतलं आणि विचारलं, “हे हौदात कुठे होतं?”

म्हाताऱ्याला आठवेना. तो सवयीने मागच्या दारात जाऊन उभा राहिला आणि हौदाकडे बघितलं. नुसतं आभाळ दिसलं. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की या दारातून आपल्याला कधीच काही दिसलं नव्हतं. तो काठावर आला. काठाचा चुना सगळीकडे खडबडीत होता, पण एका जागी झिजून तळहातासारखा मऊ झाला होता. म्हातारीची बसायची जागा. तो तिथे बसला.

तिथून आभाळ दिसत नव्हतं. तिथून हौदाचा तळ दिसत होता.

“डाव्या अंगाला,” तो म्हणाला. “कपारीच्या तोंडाशी. आडवं.”

मग एकेक वस्तू पाण्यात परत गेली. त्याने पहिली होडी बांधली तिच्या नांगराचा भोक पडलेला दगड. मुलाने लहानपणी रागाने फेकलेला मातीचा बैल. त्याचा एक पाय तेव्हाच मोडला होता आणि मुलाने रडून घर डोक्यावर घेतलं होतं. तेव्हा म्हातारीने त्याला सांगितलं होतं, की आता ठकी बैलाला चरायला नेते. झाकण हरवलेली चुन्याची डबी. बैल कुठे होता ते आठवायला फार वेळ लागला. म्हाताऱ्याला भीती वाटली, की आपल्याला काहीच धड ठाऊक नाही, आपण आपल्याच मनाने रचत आहोत. पण सुनेने बैल जरा उजवीकडे सरकवला आणि तो म्हणाला, “हां, तिथेच,” आणि त्याला ते पटलं.

शेवटी ढिगात एक जड वस्तू उरली. अर्धं जातं.

“हे मी आणलं होतं,” तो म्हणाला. “लग्नाच्या वर्षी, बाजारातून, खांद्यावर. वरचा दगड मीच उचलणार, गाडी कशाला हवी, असं मोठ्या तोऱ्यात सांगून गेलो होतो. इथवर आणलं, आणि या चरात पाय घसरला. बरोबर मधोमध दोन तुकडे. मला वाटलं, आता ही रडणार. तर ती हसत हसत खालीच बसली. म्हणाली, अर्धं तुम्हाला, अर्धं ठकीला. एक तुकडा मागच्या दाराला पायरी म्हणून लावला. हा दुसरा तिने हौदात सोडला. ठकीला बसायला पाट.”

दोघांनी मिळून अर्धं जातं पाण्यात सोडलं. त्याची सपाट, तुटलेली बाजू चराकडे होती. ती आठवण मात्र पक्की होती.

खेकड्यांची कवचंसुद्धा त्याने कपारीच्या तोंडाशी पुन्हा रचून ठेवली. पांढऱ्या गारगोट्या काढायला वेळ नव्हता. दिवस मावळत आला होता.

पौर्णिमेची सकाळ झाली. म्हातारा उठला. पागोटं बांधलं नाही. कोनाड्यातलं सूप घेतलं, त्यात तांदूळ घेतले, मागच्या दाराची पायरी उतरला आणि झिजलेल्या जागी जाऊन बसला. सून दारात उभी राहून बघत होती. 

तो ठकीला शोधत नव्हता. खरं सांगायचं तर तिची आशा त्याने सोडली होती. आज दुपारी वाळू पडणार, त्याआधी या सगळ्या वस्तूंना एकदा नीट बघून घ्यावं, एवढंच त्याच्या मनात होतं. खडा निवडावा, पाण्यात बघावं. खडा निवडावा, पाण्यात बघावं. मडकं आडवं होतं. बैल चरत होता. नांगराच्या भोकातून एक बारीक मासा आत-बाहेर करत होता. डबीत ऊन शिरलं होतं. जातं आपल्या जागी होतं, गोल, भक्कम, मधोमध दाणे घालायचं भोक. बाजारात बघितलं होतं अगदी तसं. ते बघून त्याला फार बरं वाटलं.

तो पुढचा खडा निवडायला खाली वाकला, आणि त्याचा हात सुपातच थांबला.

त्याने मान वळवून मागच्या दाराकडे बघितलं. पायरी तिथेच होती. अर्धं जातं, सुनेच्या पायाखाली.

त्याने पुन्हा पाण्यात बघितलं. तिथे जातं अख्खं होतं.

दगडाचा तोच करडा रंग, तेच टाकीचे घाव, तीच झिजलेली कड. जिथे एक तुकडा संपून दुसरा सुरू व्हायला हवा तिथे रेघसुद्धा नव्हती. आणि मग त्या उरलेल्या अर्ध्या भागात एक डोळा हळूच उघडला आणि त्याच्याकडे बघू लागला.

त्या क्षणी म्हाताऱ्याला ठकी दिसली आणि तिच्याबरोबर आणखीही कुणी दिसलं. ती बाई या घरात इतकी वर्षं वावरली, की ती घराच्याच रंगाची होऊन गेली होती. चुलीपाशी चुलीसारखी, हौदापाशी हौदासारखी. जे जे घरात तुटलं होतं, त्याच्या उरलेल्या जागी ती बसली होती, आणि सगळं अख्खं आहे असं समजून तो रोज कामावर जात होता.

“आहे,” तो म्हणाला. रीत मोठ्याने म्हणायची होती, म्हणून त्याने पुन्हा म्हटलं, “आहे!”

सून धावत आली. “कुठे? कुठे हो मामंजी?”

“ही काय, इथेच.”

“इथे म्हणजे कुठे?”

म्हातारा सरकला. त्याने झिजलेल्या जागेवर तिला जागा करून दिली.

“बस,” तो म्हणाला. “आधी जातं बघ. मग आपली पायरी बघ.”

सुनेने पाण्यात बघितलं, पायरीकडे बघितलं, आणि तोंडावर हात ठेवला.

दुपारी थोरली आई आली तेव्हा तिच्यामागे बायका होत्या आणि त्यांच्या डोक्यावर वाळूच्या पाट्या. घरातून धूर निघत होता. तानूबाई कुंपणावरून ओरडली, “मी दिला नाही हो आज विस्तव! त्यांचा त्यांनीच पेटवलाय!”

“आहे का?” थोरल्या आईने विचारलं.

“आहे,” म्हातारा म्हणाला, आणि त्याने जात्यापाशी एक खेकडा सोडला. अर्धं जातं उठलं. एक हात लांबला, मग दुसरा. खेकडा नाहीसा झाला. क्षणभर ठकी सगळ्यांसमोर तांबूस-लाल होऊन तरंगत राहिली, मग मडक्यात शिरली आणि मडकं झाली.

थोरली आई थोडा वेळ हौदातल्या सामानाकडे बघत राहिली. “आता ओळखला मी हौद,” ती म्हणाली. मग बायकांकडे वळली. “पाट्या घेऊन चला गं. वाळू समुद्राचीच आहे, त्याला परत देऊ.”

त्यानंतर म्हातारा बरीच वर्षं जगला असं म्हणतात. त्या घरी पुन्हा कधी शेजारचा विस्तव आला नाही. ती ठकी गेली, दुसरी आली, तिचंही नाव ठकीच. मुलगा दूरदेशाहून परतला तेव्हा सकाळी मागच्या दारात उभा राहून विचारू लागला, “कुठे आहे गं?” तर सुनेने आधी त्याच्या हातातलं पागोटं काढून घेतलं आणि त्याला काठावर शेजारी बसवलं. मातीचा बैल दिसल्यावर तो पाण्यावर आणखी खाली वाकला.

तुम्ही लहान असा की माझ्यासारखे म्हातारे, गोष्ट एवढीच सांगते: आपलं माणूस जवळ आहे तोवरच घटकाभर शेजारी बसून त्याला नीट बघून घ्यावं.